शॉर्टस्टॉपचा भाव

(एम. ए. भाग दोन)

‘शॉर्टस्टॉप’ हा शब्द मी प्रथम ऐकला तेव्हा मला वाटले, हा एस. टी.चा एखादा विनंती थांबा असावा. गाडी क्षणभर थांबते, एक म्हातारी बोचक्यासह उतरते, कंडक्टर घंटी मारतो आणि गाडी पुढे जाते. पुढे कळले की तो थांबा नसून माणूस आहे. अमेरिकेत बेसबॉल नावाचा जो खेळ आहे, त्यातल्या नऊ क्षेत्ररक्षकांपैकी एक. या एका माणसाच्या शोधात माझे काही महिने गेले, हे वार्षिकांकाच्या वाचकांपुढे आणि विशेषतः माझ्या गुरुजनांपुढे कबूल करताना मला थोडा संकोच वाटतो. त्या महिन्यांत मी अभ्यास केला असता तर... पण असो. त्या महिन्यांत अभ्यासाहूनही महत्त्वाचे एक काम माझ्या हातून राहिले. ते सांगण्यासाठीच हा लेख.

आधी खेळ सांगतो, कारण तो कळल्याशिवाय माझा गुन्हा कळणार नाही.

बेसबॉल आपल्याला वाटतो तितका परका नाही. हेन्री चॅडविक नावाचा मूळचा इंग्रज वार्ताहर न्यूयॉर्कच्या परिसरात क्रिकेटच्या सामन्यांच्या बातम्या देत असे. पुढे त्याला बेसबॉलचे वेड लागले आणि क्रिकेटच्या धावफलकाच्या धर्तीवर त्याने त्या खेळाचा तक्ता घडवला. कोण किती वेळा खेळला, किती धावा, किती चुका, सगळे रकान्यांत. बेसबॉलवाल्यांचे आकड्यांचे वेड तिथून सुरू झाले म्हणतात. म्हणजे मूळ दोष आपल्याच क्रिकेटचा!

मैदान पतंगासारखे, टोकावर उभे केलेला चौकोन. चार कोपऱ्यांवर चार तळ. खालच्या कोपऱ्यावर फलंदाज. त्याने चेंडू मारायचा, उजव्या हाताच्या पहिल्या तळाकडे धावायचे आणि चारही कोपरे फिरून घरी परतायचे. की एक धाव झाली. चेंडू थेट प्रेक्षकांत गेला तर तो ‘होम रन’, आपला षटकारच म्हणा. पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या तळाला प्रत्येकी एक राखणदार असतो. शॉर्टस्टॉप उभा राहतो दुसऱ्या आणि तिसऱ्या तळाच्या मध्ये. त्याला स्वतःचा तळच नाही. पण बहुतेक फलंदाज उजव्या हाताचे, आणि त्यांचे जमिनीलगत मारलेले चेंडू जास्त करून त्याच बाजूला जातात. म्हणून क्षेत्ररक्षणातली सर्वांत कठीण जागा ती.

ही जागा मुळात निर्माण कशी झाली तेही मजेदार आहे. डॉक अ‍ॅडम्स नावाच्या न्यूयॉर्कच्या एका डॉक्टराने १८५० च्या सुमारास ती प्रथम धरली असे सांगतात. तेव्हाचा चेंडू हलका असे. दूरच्या क्षेत्ररक्षकाने फेकला तर तो आतपर्यंत पोचत नसे. म्हणून मध्ये उभे राहून तो घ्यायला आणि पुढे फेकायला एक माणूस हवा होता. म्हणजे शॉर्टस्टॉप प्रथम आला तो चेंडू अडवण्यासाठी नव्हे, पोचवण्यासाठी. हे वाक्य ध्यानात ठेवावे. मी ठेवले नव्हते.

आता या खऱ्या खेळावर रचलेला दुसरा खेळ. १९८० साली डॅनियल ओक्रेंट या संपादक-लेखकाने आणि त्याच्या मित्रांनी तो सुरू केला. न्यूयॉर्कमधल्या ज्या फ्रेंच खाणावळीत ते जमत, तिच्या नावावरून त्याला ‘रोटिसरी’ हे नाव पडले. आज त्याला ‘फँटसी बेसबॉल’ म्हणतात. रीत सोपी. दहा-बारा मित्र जमतात. प्रत्येकजण कागदावर २६० डॉलर घेतो आणि हंगामापूर्वी लिलावात खऱ्या खेळाडूंवर बोली लावून तेवीस जणांचा आपला संघ उभा करतो. मग खरे खेळाडू खऱ्या मैदानावर जे करतील ते आपल्या खात्यावर जमा. फलंदाजांसाठी रकाने पाच: सरासरी, होम रन, काढलेल्या धावा, इतरांना घरी आणून मिळवून दिलेल्या धावा आणि चोरलेले तळ. (गोलंदाज बेसावध असताना पुढचा तळ पळवणे याला तिथे चोरी म्हणतात आणि तिचे कौतुक करतात.) प्रत्येक रकान्यात ज्याचा क्रमांक वरचा त्याला गुण जास्त. हंगाम सहा महिने चालतो.

बारकाईने वाचणाऱ्यांच्या एक गोष्ट लक्षात आली असेल. शॉर्टस्टॉपचे मुख्य काम चेंडू अडवण्याचे, आणि त्या कामासाठी या पाचांत रकानाच नाही. बाल्टिमोरचा मार्क बेलँजर १९६५ ते १९८२ अशी अठरा वर्षे खेळला. उत्तम क्षेत्ररक्षणाचे ‘गोल्ड ग्लव्ह’ पारितोषिक त्याने आठ वेळा मिळवले. पण त्याची कारकिर्दीची सरासरी .२२८ आणि अठरा वर्षांतले होम रन अवघे वीस. आमच्या लिलावात त्याला एक डॉलरही मिळाला नसता.

माझ्या ही गोष्ट लक्षात आली नव्हती. कारण २०२१ च्या मार्चमध्ये मी बारावीत होतो आणि जगात मोजता येत नाही असे काही असेल, यावर माझा विश्वास नव्हता.

माझा मामेभाऊ न्यू जर्सीत असतो. त्याला आम्ही सगळे दादा म्हणतो. दादा आमच्या घराण्याचा ध्रुवतारा. कुठल्याही मुलाने काही चूक केली की आमच्याकडे वर बघायला सांगतात. त्याच्या कचेरीतले काही सहकारी आणि तिथले काही मराठी मित्र अशी बारा जणांची त्यांची मंडळी. पैसे नुसते कागदावरचे. जिंकणाऱ्याला दादाच्या घरी वहिनीच्या हातच्या पुरणपोळ्या. त्या वर्षी एकाने आयत्या वेळी माघार घेतली. दादाचा फोन आला, “तुझं कॉलेज बंदच आहे ना? ये आमच्यात. महिनाभर वाच, म्हणजे कळेल.”

महिनाभर वाचले. संगणक अण्णाच्या दुकानातला.

अण्णा म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ. आमचे गाव सांगली जिल्ह्यात. घराच्या खालच्या मजल्यावर त्याचे फॅब्रिकेशनचे दुकान आहे. खिडक्यांची ग्रिल, शटर, गेट, उसाच्या ट्रॉलीची डागडुजी. दहावीनंतर त्याने आय. टी. आय.मध्ये वेल्डरचा कोर्स केला. घरात त्याचा विषय निघाला की वडील दोनच शब्द म्हणायचे, “आय. टी. आय. केलाय.” त्या दोन शब्दांत सगळा भाव ठरलेला असायचा. दादाच्या पदवीचे नाव मात्र ते सावकाश, एकेक अक्षर सुटे करून सांगत. मला यात काही गैर वाटत नसे. बाजारात जो भाव असतो तो असतो, असेच मी धरून चाललो होतो.

तर संगणक अण्णाचा, वीजबिल अण्णाचे, आणि शोध माझा. दादाने एक गुरुमंत्र दिला होता. “मोठ्या नावांच्या मागे लागू नकोस. सगळ्यांना ठाऊक असतं त्यांची किंमत किती आहे. तू असा माणूस शोध, ज्याचा भाव त्याच्या लायकीपेक्षा कमी आहे. आणि नुसता कमी आहे म्हणून घेऊ नकोस. का कमी आहे ते आधी शोध.”

त्या वर्षी शॉर्टस्टॉपचे पीक उदंड होते. सॅन डिएगोच्या फर्नांडो टाटिस ज्युनिअरने फेब्रुवारीतच चौदा वर्षांचा ३४ कोटी डॉलरचा करार केला होता. शिवाय ट्रे टर्नर, लिंडोर, बोगार्ट्स, स्टोरी, सीगर. जो तो यांच्यावर डोळा ठेवून. मी यादीच्या खालच्या अंगाने वर येऊ लागलो आणि एका नावापाशी थबकलो: मार्कस सेमियन. वय तीस.

२०१९ साली ओकलंडकडून खेळताना याने १६२ पैकी १६२ सामने खेळून ३३ होम रन मारले होते, १२३ धावा काढल्या होत्या आणि आपल्या लीगच्या सर्वोत्तम खेळाडूच्या मतदानात तो तिसरा आला होता. २०२० मध्ये सरासरी .२२३ आणि होम रन फक्त सात. लोकांनी तेवढे वाचून पान उलटले होते.

मी उलटले नाही. का कमी, का कमी, असे घोकत बसलो. पहिले कारण सापडले: २०२० चा हंगामच महामारीमुळे साठ सामन्यांचा झाला होता. सेमियन त्यातले त्रेपन्न खेळला. त्रेपन्नांत सात म्हणजे पुऱ्या हंगामात वीस-एकवीस. वाईट कुठे आहे? आणि त्रेपन्न सामन्यांवरून माणूस ठरवायचा, तर मग त्याआधीचे १६२ कुणाचे?

दुसरे कारण नशिबाचे. बेसबॉलवाल्यांनी एक हिशेब मांडला आहे. होम रन सोडून मैदानात पडलेले जे चेंडू, त्यांतले साधारण शंभरात तीस क्षेत्ररक्षकांना चुकवून जातात. एखाद्याचे यापेक्षा बरेच कमी जात असतील, तर कधी तो थकलेला असतो आणि कधी नुसताच दुर्दैवी. सेमियनचे त्या साठ सामन्यांच्या हंगामात बरेच कमी गेले होते. दुर्दैव कायमचे नसते, निदान बेसबॉलमध्ये तरी.

तिसरे कारण कागदी. ओकलंड सोडून तो एका वर्षाच्या, एक कोटी ऐंशी लाखांच्या करारावर टोरंटोला गेला होता. तिथे शॉर्टस्टॉपच्या जागी तरुण बो बिशेट आधीच उभा. म्हणून सेमियन दुसऱ्या तळावर खेळणार होता. पुष्कळांनी त्याला शॉर्टस्टॉपच्या यादीतून मनातल्या मनात खोडून टाकले. पण आमच्या नियमाप्रमाणे गेल्या वर्षी जो ज्या जागी खेळला, त्या जागी तो या वर्षी चालतो. म्हणजे मला एका डॉलरात दोन जागांचा माणूस. शिवाय फलंदाजीच्या क्रमात तो अगदी वर येण्याचा संभव. वर येणाऱ्याला खेळायची पाळी जास्त वेळा मिळते आणि पाळी जास्त तर धावा जास्त. आणि तो कधी सुट्टी घेत नाही. रोज खेळणारा माणूस हा या खेळात निम्मे भांडवल असतो.

या सगळ्याची मी एक वही केली. इतक्या मन लावून केलेली माझी दुसरी वही या महाविद्यालयात कुणी पाहिलेली नाही.

लिलाव झाला तो होळीच्या दिवशी, २८ मार्चला. न्यू जर्सीत शनिवारची रात्र आठ, आपल्याकडे रविवारची पहाट साडेपाच. खाली दुकानात, वेल्डिंगच्या कांड्यांच्या खोक्यावर बसून मी बोली लावत होतो. दादाने टाटिस उचलला तो ४६ डॉलरला. सेमियनचे नाव फार उशिरा निघाले. मी पाच म्हटले. कुणीतरी सात म्हटले. मी आठ म्हटले. मग शांतता. आठ डॉलरला सेमियन माझा झाला! बाहेर पोरे होळीसाठी लाकडे गोळा करत होती आणि मी आत एकटाच हसत होतो. अण्णा शटर उघडायला आला. म्हणाला, “काय रे, लॉटरी लागली?” मी म्हटले, “तुला नाही कळायचं.”

एप्रिलमध्ये हंगाम सुरू झाला, आणि त्याच एप्रिलमध्ये आमच्याकडे दुसरी लाट आली. त्या दिवसांचे वर्णन मी करत नाही. वाचकांतल्या प्रत्येकाच्या घरी ते लिहिलेले आहे. आमची परीक्षा आधी लांबणीवर पडली आणि जूनमध्ये रद्दच झाली. मला दिवसभर काम नव्हते. टोरंटोचा संध्याकाळचा सामना म्हणजे आपली पहाट, साडेचारच्या पुढे. मी गजर लावून उठायचो.

अण्णा तेव्हा झोपतच नसे. लोखंड कापायला आमच्या दुकानात ऑक्सिजनचे सिलिंडर असायचे. २२ एप्रिलपासून कारखान्यांना ऑक्सिजन द्यायचा नाही असा सरकारी हुकूम निघाला, आणि गॅस कटिंग बंद पडले. अण्णाने आपले चारही सिलिंडर छोटा हत्तीत घातले, एम. आय. डी. सी.तल्या प्लांटवर नेले, तपासून आणि साफ करून घेतले आणि रोग्यांसाठी भरून आणले. प्लांटवाले त्याला वर्षानुवर्षे ओळखत होते. रांगेत तासन् तास उभे राहायची त्याची तयारी होती. गावात बातमी पसरली. दवाखान्यात खाट मिळत नाही, माणूस घरीच आहे, डॉक्टरांनी ऑक्सिजन लावायला सांगितलाय, असे ज्यांचे ज्यांचे होते, ते आमच्या दाराशी येऊ लागले. सिलिंडर मिळाला तरी तो लावायचा कसा, हे बहुतेकांना माहीत नसायचे. अण्णा पाना घेऊन जायचा, व्हॉल्व्ह थोडा सोडून आतली धूळ उडवायचा, रेग्युलेटर बसवायचा, गळती पाहायचा आणि डॉक्टरांनी सांगितला असेल तेवढा प्रवाह लावून द्यायचा. निघताना घरातल्या शहाण्या माणसाला हिशेब समजावायचा. “मोठा सिलिंडर सात घनमीटरचा. म्हणजे सात हजार लिटर. मिनिटाला दहा लिटर सोडला तर साडेअकरा तास. आता वाजलेत आठ. सकाळी साडेसातला संपेल. मी सहाला येतो.”

मी एकदा हे ऐकले आणि मला मौज वाटली. घरातला हिशेबनीस मी आहे, अशी माझी समजूत होती.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यातली ती पहाट. पाच वाजायला दहा-पंधरा मिनिटे असतील. सामना नुकताच लागला होता. खाली गाडी थांबल्याचा आवाज आला. मग अण्णाची हाक, हळू आवाजात, कारण आई-वडील झोपले होते. “अरे, जरा खाली ये. उतरवायला हात लाव.”

सेमियन खेळायला आला होता. मी म्हटले, “आलो, पाच मिनिटं.”

बेसबॉलमधली पाच मिनिटे फार लांब असतात. अण्णाने दुसऱ्यांदा हाक मारली नाही. तो मारतही नाही. खाली साखळीचा खळखळाट झाला, मग लोखंड फरशीवर आपटल्याचा एक आवाज, मग शांतता. मला वाटले, उतरवला असेल. थोड्या वेळाने गाडी पुन्हा सुरू होऊन गेली. मी डाव संपल्यावर खाली गेलो तेव्हा दारात कुणी नव्हते.

अण्णा आठ वाजता परतला. उजव्या पायाला दुकानातले फडके गुंडाळलेले, आणि ते लाल. मोठा सिलिंडर रिकामा असला तरी पन्नास किलोच्या वर भरतो. एकट्याने उतरवताना तो सुटला आणि अंगठ्यावर आला. पायात साधी चप्पल. तसाच तो पुढचा सिलिंडर पोचवून आला होता, कारण चार गल्ल्या पलीकडच्या आजींचा सहाला संपणार होता. आईने विचारले, “काय झालं रे?” अण्णा म्हणाला, “काही नाही, गेट पडलं पायावर.” त्याने माझ्याकडे पाहिले नाही. रागानेही पाहिले नाही. अंगठ्याचे हाड मोडले होते. महिनाभर तो टाच टेकवत चालला आणि त्या महिन्यात एक दिवसही घरी बसला नाही.

त्या डावात सेमियनने काय केले, हे आज मला आठवत नाही.

त्या दिवसापासून मी हाक यायच्या आधीच खाली जाऊन बसू लागलो. दिवसा उरलेल्या वेळात सामन्यांचे तक्ते पाहत असे, तेवढेच. पण त्याने चूक भरून येत नाही. आणि मी कबुली कुणालाच दिली नाही.

सेमियनने मात्र माझे नाव राखले. त्या वर्षी सीमेवरच्या निर्बंधांमुळे टोरंटोच्या संघाला आपले घरचे सामने आधी फ्लोरिडात, मग बफेलोत खेळावे लागले. जुलैच्या अखेरीस ते आपल्या गावी परतले. अशा फिरत्या बिऱ्हाडावर सेमियन १६२ पैकी १६२ सामने खेळला. ४५ होम रन, ११५ धावा, १०२ धावा मिळवून दिलेल्या, १५ तळ चोरलेले. दुसऱ्या तळाच्या खेळाडूने एका हंगामात मारलेल्या होम रनचा १९७३ पासूनचा विक्रम त्याने मोडला. पुन्हा एकदा मतदानात तिसरा आला. टोरंटोचा संघ एका विजयाने पुढच्या फेरीला मुकला. मी आमच्या बारांत दुसरा आलो. पुरणपोळ्या एका गुणाने हुकल्या.

ऑक्टोबरात दादाचा फोन आला. आईने स्पीकर लावला. आम्ही सगळे जेवत होतो. दादा म्हणाला, “आत्या, तुझ्या पोराला माणसाची पारख आहे हं! सगळ्यांनी टाकून दिलेला माणूस यानं आठ डॉलरला उचलला. इथली मोठी मोठी मंडळी थक्क झालीत.” वडिलांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती नजर आजवर फक्त दादासाठी राखीव होती. मी मान खाली घातली. विनयाने घातली, असे त्यांना वाटले. माझ्या समोर अण्णाचा पाय होता. नख अजून पुरते आले नव्हते.

फोन झाल्यावर अण्णाने विचारले, “कोण रे हा माणूस?” मी सगळे सांगितले. साठ सामने, तीस टक्के, दोन जागा. त्याने नीट ऐकून घेतले, कारागीर ऐकतो तसे. मग म्हणाला, “मारतो चांगला, कळलं. पण उभा राहतो अडवायला ना? अडवतो कसा?”

मी म्हटले, “ते आम्ही मोजत नाही.”

“मग त्याचं मुख्य काम कोण मोजतं?” एवढे बोलून त्याने ताक ओरपले आणि हात धुवायला उठला.

त्या रात्री मी प्रथमच सेमियनच्या अडवण्याविषयी वाचले. २०१५ साली, शॉर्टस्टॉप म्हणून पहिल्याच पूर्ण हंगामात, त्याच्या हातून ३५ चुका झाल्या होत्या. साऱ्या बड्या संघांत त्या वर्षी इतक्या चुका कुणाच्या नव्हत्या. तेव्हा ओकलंडला रॉन वॉशिंग्टन नावाचे जुने प्रशिक्षक आले. त्यांनी रोज सामन्याच्या आधी त्याला मैदानात नेऊन, जवळून, साधे साधे चेंडू पुन्हा पुन्हा अडवायला लावले. रोज. पुढे २०२१ मध्ये, नव्या जागी, त्याला त्या जागेचा गोल्ड ग्लव्ह मिळाला. माझ्या एवढ्या मोठ्या वहीत त्या ३५ चुका नव्हत्या आणि ती रोजची मेहनतही नव्हती. बाजाराने त्याचा भाव चुकवला होता हे मी हुशारीने ओळखले. पण ज्या रकान्यांवर तो भाव ठरत होता, ते रकानेच अपुरे असतील, हे मला सुचले नव्हते. मी चुकीच्या भावातून बरोबर भाव काढला आणि त्यालाच पारख समजलो.

काही दिवसांनी दुकानात पाना शोधताना अण्णाची खिशातली डायरी हाती लागली. बॉलपेनने ओळी लिहिलेल्या. तारीख, आडनाव, गल्ली, ‘भरला’, ‘रिकामा आणला’. काही ओळींपुढे ‘परत, अर्धा’. मला आधी बरे वाटले. सिलिंडर अर्धा परत आला, म्हणजे माणूस लवकर सुधारला. मग आडनावे वाचली आणि थांबलो. त्यांतल्या काही घरांच्या दारांवर त्या मे महिन्यात काय झाले होते, ते गावात सगळ्यांना माहीत होते. अर्धा सिलिंडर परत येण्याला दोन कारणे असू शकतात. अण्णाने दोन्ही कारणे एकाच शब्दात लिहिली होती.

मी ओळी मोजल्या. एप्रिलच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत एकशे बारा फेऱ्या. डायरीत कुठेही बेरीज नव्हती. मी विचारले, “अण्णा, बेरीज का नाही केलीस?”

“बेरीज कशाला? बिल थोडंच करायचंय?”

मग मी त्याला त्या पहाटेचे सांगितले. पाच मिनिटांचे. तो म्हणाला, “माहीत आहे मला. वर उजेड दिसत होता.” आणि शिगडीसारख्या तापलेल्या पट्टीवर त्याने पुन्हा हातोडा मारायला सुरुवात केली. त्यानंतर आमच्यात तो विषय निघालेला नाही.

मित्रहो, मी बेसबॉल सोडलेला नाही. दरवर्षी मार्चमध्ये वही उघडतो आणि दादाचा मंत्र अजून म्हणतो. ज्याचा भाव कमी आहे तो का कमी आहे, ते आधी शोधावे. फक्त त्याच्या पुढे एक प्रश्न जोडला आहे: हा भाव ठरवणाऱ्यांनी काय मोजलेलेच नाही? त्या प्रश्नाने गुण मिळत नाहीत. एकदा उलट गेलेच आहेत. यंदाचा लिलाव ऐन रंगात होता. एक शॉर्टस्टॉप मी महिनाभर हेरून ठेवला होता आणि त्याचे नाव पुकारले जाणार इतक्यात खालून हाक आली, “अरे, शटर चढवायचंय, जरा धर.” मी खाली गेलो. शटर जड होते. अण्णाने एक बाजू धरली, मी दुसरी. बोल्ट बसेपर्यंत पंधरा मिनिटे गेली.

वर आलो तेव्हा माझा माणूस सहा डॉलरला दुसऱ्याकडे गेला होता. खरोखर स्वस्तात गेला.